लोक काय म्हणतील, हे कोण ठरवतं?

लग्नाच्या पंगतीत कुडत्यावर वरण सांडतं. पाण्यानं पुसून डाग फिका होतो, तरी पुढचा तासभर हात तो झाकण्यातच गुंततो. तोवर डागाबद्दल कुणी अवाक्षरही काढलेलं नसतं. मग एवढी लाज येते कुठून?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली याचे तीन टप्पे मांडले. आपण इतरांना कसे दिसत असू, याची आधी आपण कल्पना करतो : डाग ठळक दिसतोय. मग त्यावर त्यांचं मत काय असेल, तेही आपणच ठरवतो : गबाळा म्हणत असतील. शेवटी त्या मताप्रमाणे आपल्याला अभिमान वाटतो किंवा शरम. या तिन्ही टप्प्यांत समोरच्यानं तोंड उघडायची गरजच पडत नाही.

पहिल्या टप्प्यावर आपण किती चुकतो, हे मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, तरुणांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवलं. शर्टावर कोण आहे हे खोलीतल्या जवळपास निम्म्यांनी ओळखलं असेल, असा शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. ओळखलं होतं साधारण पाव जणांनी. शर्ट आपल्या डोक्यात सतत असतो आणि अंदाज तिथूनच सुरू होतो. इतरांचं तेवढं लक्ष नसेल म्हणून आपण थोडी वजावट करतो, पण ती अपुरी पडते.

पण शेवटच्या टप्प्यातली शरम एवढी बोचते का? मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये स्वाभिमानाला एक मापक मानलं. गाडीतला पेट्रोलचा काटा टाकी किती भरली ते सांगतो, तसा हा काटा आपण माणसांत किती सामावलेले आहोत ते सांगतो. तो खाली जाताना अस्वस्थ वाटतं, कारण माणसांवाचून निभावणं कठीण. गावानं वाळीत टाकलं, की विहिरीचं पाणी, सोयरीक, मयताचा खांदा, सगळंच अडायचं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला तो २०१६चा. म्हणजे भीती निराधार नाही. अडचण एवढीच, की वरणाच्या डागानंही हा काटा हलतो.

म्हणून काटा खाली गेला, की टप्पे उलगडून पाहावेत. खरंच कुणी पाहिलं का? त्यांचं मत आपण ऐकलं, की मनानंच ठरवलं? ज्याच्या मताची किंमत वाटते, त्याला सरळ विचारावं. आणि मत खरंच वाईट असेल, तर त्यानं नेमकं काय अडणार आहे? बहुतेक वेळा काहीच नाही.

जिथे खरोखर काही अडणार असेल, तिथे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग आठवावेत. रेषांची लांबी ओळखायची होती. बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा एकट्या पडलेल्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे जात. त्या घोळक्यातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्यानं घसरे. गर्दीच्या मतासमोर टिकायला सगळ्यांची मान्यता लागत नाही. आधी एक साथीदार शोधावा.