पश्चप्रकीर्णन (पाण्याखालील चित्रीकरण)

पश्चप्रकीर्णन म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर आदळून कॅमेऱ्याच्या दिव्याचा प्रकाश भिंगाकडे परत येणे. त्यामुळे चित्रात पांढरे ठिपके किंवा धूसर पडदा दिसतो.

उपाय

दिवा भिंगालगत असल्यास हा दोष वाढतो. म्हणून दिवे दांड्यांवर भिंगापासून दूर बसवून किंचित बाहेरच्या बाजूस वळवतात. त्यामुळे भिंगासमोरील कण कमी उजळतात. रुंद कोनाच्या भिंगाने वस्तूच्या जवळून चित्रण करणे आणि तळाचा गाळ न ढवळणे हेही उपयुक्त ठरते.

मर्यादा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून जीवितहानी झाली. कृष्णेच्या अशा गढूळ पुरात प्रकाश वाढवल्यास धूसरता उलट वाढते. तेथे पाण्याखालील शोधासाठी कॅमेऱ्यापेक्षा ध्वनिलहरींवर चालणारे सोनार अधिक उपयोगी पडते.