आठ हजार म्हणजे चार हजाराच्या दुप्पट नव्हे!

किडनी प्रत्यारोपणाची तयारी चालू असलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘‘मागच्या रिपोर्टमध्ये एमएफआय चार हजार होता, आता आठ हजार. म्हणजे अँटिबॉडी दुप्पट झाल्या!’’ नाही हो, तसं नसतं. कितीदा सांगायचं?

हा आकडा येतो कुठून ते आधी पाहू. पेशंटच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, हे ल्युमिनेक्स यंत्रावर तपासतात. या चाचणीत पॉलिस्टायरीनचे मणी वापरतात, तांबड्या रक्तपेशीपेक्षाही थोडे लहान. मण्यात दोन रंग प्रत्येकी दहा प्रमाणांत भरले की १०० वेगवेगळ्या छटा मिळतात. प्रत्येक छटेच्या मण्यावर एकच एचएलए प्रथिन (पेशींवरचं, माणसागणिक वेगळं असणारं ओळखीचं प्रथिन) बसवलेलं असतं. पेशंटचं सीरम मिसळलं की त्यातल्या अँटिबॉडी आपापल्या प्रथिनाला चिकटतात आणि त्यांच्यावर चमकणारा तिसरा रंग चढवला जातो. एक लेसर मणी कोणता ते ओळखतो, दुसरा तिसऱ्या रंगाची चमक टिपतो. त्या छटेच्या अनेक मण्यांची सरासरी चमक म्हणजे एमएफआय.

म्हणजे मोजली जाते ती चमक. अँटिबॉडी आणि चमक एकाच पटीत वाढतील, असं कुणीही वचन दिलेलं नाही. मण्यावरच्या जागा संपल्या की आकडा थांबतो. एसटी गच्च भरली की फलाटावर किती जण उरलेत, ते आतल्या गर्दीवरून कळत नाही. एकच अँटिबॉडी अनेक मण्यांवरच्या सारख्या भागाला चिकटत असेल, तर ती वाटली जाते आणि प्रत्येक आकडा फसवा कमी दिसतो. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे अँटिबॉडी फार असल्या तर रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं मण्यावर साचून रंग चढू देत नाहीत. मग सीरम पातळ केल्यावर आकडा चक्क वाढतो! अमेरिकेच्या एफडीएनेही या चाचणीला मान्यता दिली आहे ती ‘आहे की नाही’ एवढं सांगण्यासाठी, ‘किती’ यासाठी नव्हे.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘मणी चमकला म्हणजे पॉझिटिव्ह.’ आतला रंग प्रत्येक मण्यात असतोच, ती त्याची ओळख. निकाल ठरतो बाहेरून चढलेल्या रंगावर.

‘हे मणी शरीरात सोडतात.’ सगळा कारभार प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये चालतो.

‘शंभर तपासण्या एकदम, म्हणजे कुठलाही आजार सापडेल.’ किटमध्ये ज्याचे मणी आहेत तेवढंच सापडतं.

‘रक्त कधी चढवलंच नाही, मग अँटिबॉडी येतीलच कशा?’ गरोदरपणातूनही येतात. शिवाय २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकोतल्या एका अभ्यासात ४२४ निरोगी पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. मण्यावर बसवताना काही प्रथिनांचा आकार बिघडतो आणि अँटिबॉडी त्या बिघडलेल्या आकाराला चिकटतात, हे त्यामागचं एक कारण.

अँटिबॉडी खरोखर किती, हे हवं असेल तर सीरम टप्प्याटप्प्यानं पातळ करून चमक कुठवर टिकते ते बघतात. दात्याच्या पेशी आणि पेशंटचं सीरम एकत्र करून बघायचा क्रॉसमॅच वेगळा करावाच लागतो. तेव्हा डॉक्टरांना ‘आकडा किती?’ एवढंच विचारून उठू नका. अँटिबॉडी दात्याच्याच प्रथिनाविरुद्ध आहे का आणि क्रॉसमॅच काय आला, हे विचारा.