गैरहजेरीचे कारण कोण लिहिणार?

डायलिसिसच्या एका पाळीत रुग्णाबद्दल किती लिहिले जाते ते पाहण्यासारखे आहे. यंत्राला जोडण्याआधीचे वजन, सुटल्यानंतरचे वजन, ठरावीक वेळाने घेतलेला रक्तदाब, रक्त किती वेगाने फिरवले, हेपॅरिन किती दिले, अंगातले पाणी किती काढले. आरओच्या पाण्याची वही वेगळी. शासकीय योजनेतून उपचार असतील तर रेशनकार्ड, आधार, पूर्वपरवानगी, दावा हे सगळे संगणकावर, कारण त्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आणि हाच रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ एवढेच पडण्याची शक्यता जास्त. वास्तविक डायलिसिसमध्ये चुकलेली पाळीच अधिक धोक्याची. साचलेले पाणी फुप्फुसात उतरते, रक्तातले पोटॅशियम चढते, त्याने हृदय बंद पडू शकते. जिवाला सर्वांत जास्त धोका असलेल्या दिवसाची नोंद सर्वांत तोकडी राहावी, हे विचित्र आहे. ती नोंद पुरी करणे हे डायलिसिस केंद्रातल्या वैद्यकीय समाजसेवकाचे काम आहे, आणि ते त्याच्या सवडीवर किंवा चांगुलपणावर न सोडता नियमात बसवावे, असे माझे म्हणणे आहे.

नंदुरबार जिल्ह्यात हे म्हणणे अधिक लागू पडते. शहादा तालुक्यातले म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी, धडगाव-तोरणमाळच्या वाटेवर आहे. खालच्या अंगाला ऊस, केळी, पपईचे मळे. वरच्या अंगाला भिल्ल आणि पावरा पाडे. तिथून जिल्हा रुग्णालय गाठायचे तर आधी शहादा, मग प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार. आठवड्याला तीन पाळ्या धरल्या तर वर्षाला दीडशेच्या वर खेपा होतात, आणि दर खेपेला यंत्रावरचे चार तास वेगळे. आता समजा, म्हसावदच्या वरच्या एखाद्या पाड्यावरचा रुग्ण दोन पाळ्या चुकवून आला. एक नोंद अशी होऊ शकते : ‘रुग्ण अनियमित. आहार व औषधांबाबत समुपदेशन केले. सहकार्य कमी.’ दुसरी अशी : ‘सोबत येणारा मुलगा टोळीबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला गेला. उचल घेतलेली आहे, होळीच्या आत परतणार नाही. पत्नी एकटीने नंदुरबारला यायला घाबरते. एसटीचा प्रवास डायलिसिसच्या रुग्णाला मोफत आहे हे घरात कुणाला माहीत नव्हते. दाखल्याचा अर्ज आज भरून दिला. पुतण्या सोमवारी आणि गुरुवारी येऊ शकतो, पाळी त्या दिवसांना मागितली. पुढच्या सोमवारी दाखल्याचे विचारायचे.’ पहिल्या नोंदीने फक्त रुग्णावर ठपका ठेवला. दुसरी वाचून डॉक्टर पाळी बदलू शकतो, तंत्रज्ञ जागा धरून ठेवू शकतो आणि समाजसेवक रजेवर गेला तर त्याच्या जागी आलेल्या माणसाला सोमवारी काय करायचे ते कळते. लिहायला चार-पाच मिनिटे जास्त लागली असतील.

असा नियम जगात नवा नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने डायलिसिसच्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला आणि त्यासोबत केंद्रांवर अटीही आल्या. २००८ मध्ये सुधारलेल्या अटींनुसार प्रत्येक केंद्रात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेला समाजसेवक लागतो. नव्या रुग्णाची पहिली सर्वांगीण पाहणी ३० दिवस किंवा १३ पाळ्या, यांपैकी जे उशिरा येईल त्याच्या आत पुरी करावी लागते, पुढच्या तीन महिन्यांत फेरपाहणी होते, नंतर स्थिर रुग्णाची वर्षाला आणि अस्थिर रुग्णाची दर महिन्याला. अस्थिर कुणाला म्हणायचे याच्या निकषांत प्रकृती ढासळणे, वारंवार रुग्णालयात भरती होणे यांच्या जोडीला मानसिक व सामाजिक गरजांत मोठा बदल होणे हेही आहे. घरची परिस्थिती बदलली की रुग्ण वैद्यकीयदृष्ट्याही अस्थिर समजायचा, हा विचार मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो. बाकी वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. सातपुड्याच्या पायथ्याला घरातली माणसे केव्हा पांगतात आणि केव्हा परततात हे जानेवारी-डिसेंबरच्या हिशेबाने ठरत नाही. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गुजरातकडे निघतात, होळीला माणसे गावी येतात. होळी हा इथला सर्वांत मोठा सण, म्हणजे पाळी चुकण्याचाही मोठा काळ. तेव्हा प्रत्येक रुग्णाची सामाजिक फेरपाहणी दिवाळीआधी एकदा आणि होळीआधी एकदा, असा नियम नंदुरबारला पुरेसा होईल.

आपल्याकडे मुळात समाजसेवकाच्या पदाची बांधणीच अर्धवट आहे. देशातल्या वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली असे मानले जाते. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद त्याच परंपरेतले. पण डायलिसिस केंद्र चालवायचे तर समाजसेवक हवाच, असे बंधन नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आणली. खासगी भागीदाराने यंत्रे, पाण्याचा प्लांट आणि मनुष्यबळ आणायचे, सरकारने जागा, वीज, पाणी द्यायचे आणि गरिबांच्या पाळीचे पैसे भरायचे, अशी ती व्यवस्था. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने उपचाराचा खर्च उचलला. या दोन्हींनी खूप जीव वाचवले आहेत, त्याबद्दल वाद नाही. मात्र पैसा सुटण्यासाठी लागणारा कागद पक्का झाला आणि माणूस टिकण्यासाठी लागणारा कागद कुणाच्याच वाट्याला आला नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने वैद्यकीय समाजसेवकाला प्रथमच परिशिष्टात जागा दिली. त्या कायद्याखालच्या परिषदांनी नोंदी कशा ठेवायच्या हेही ठरवून टाकावे.

यावर पहिला आक्षेप कामाच्या बोज्याचा येतो आणि तो खरा आहे. रुग्णालयभर एक-दोन समाजसेवा अधीक्षक असतील, तर त्यांनी अपघातातला बेवारस रुग्ण सांभाळायचा, दाखले पाहायचे की डायलिसिसच्या खाटेशेजारी बसायचे? म्हणूनच नियम आखूड हवा. शंभर रकान्यांचा फॉर्म दिला की ‘होय’, ‘नाही’ आणि ‘समुपदेशन केले’ यांनी तो भरला जातो, आणि मग नोंद असूनही नसल्यासारखी. रुग्णासोबत कोण येते, कशाने येते, पाळी का चुकली, काय ठरले, पुन्हा केव्हा विचारायचे, एवढे पुरे. चुकलेल्या पाळीचे कारण तंत्रज्ञानेही एका ओळीत लिहायला हरकत नाही. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रावर हे काम टाका असेही सुचवले जाईल, पण ते मला पटत नाही. योजनेत बसतो की नाही हे ज्या माणसाच्या हातून ठरते असे रुग्णाला वाटते, त्याच्याजवळ तो घरातले खरे बोलणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : इतके लिहिले तर गुपित राहील का? तालुक्याच्या ठिकाणी फाइल नेणारा शिपाई रुग्णाच्या भावकीतला निघू शकतो. डायलिसिसच्या आधी एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या होतात, आणि बाधित रुग्णासाठी यंत्र वेगळे ठेवण्याची पद्धत असली की कोण कुठल्या खाटेवर आहे यावरूनच कुजबुज सुरू होते. एचआयव्हीची माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. सामाजिक नोंदीत तो उल्लेख मुळातच नको, कारण एसटीचा दाखला काढायला त्याची गरज नाही. वकिलाशी झालेल्या बोलण्याला आपल्या पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे; समाजसेवकाशी झालेल्या बोलण्याला तसे नाही. तेव्हा उद्या न्यायालयात वाचले जाईल हे धरूनच लिहावे. दारू, उधारी, घरातली भांडणे यांतले उपचाराला लागते तेवढेच घ्यावे. सर्वांत नाजूक जागा मूत्रपिंड देणाऱ्याची. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळचे नातेवाईक दाते होऊ शकतात, आणि आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकांचे प्रमाण मोठे आहे. एखादी बाई समाजसेवकाला म्हणाली, ‘मला किडनी द्यायची नाही, पण घरात तसे बोलता येत नाही,’ तर हे वाक्य नवऱ्याच्या फायलीत पडता कामा नये. ती फाइल सासर वाचू शकते. दात्याची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी, आणि ती पाहण्याचा अधिकारही वेगळा, हा नियम बाकी सगळे बाजूला ठेवूनही आधी करावा.

रुग्ण खरे सांगतच नाहीत, मग लिहून काय उपयोग, असेही काही जण म्हणतील. पण खरे न सांगण्यात कित्येकदा विचारणाऱ्याचा वाटा असतो. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या म्हाताऱ्याला मराठीत प्रश्न, उत्तर त्याच्या मुलाने द्यायचे, आणि कागदावर मात्र ‘रुग्णाने सांगितले’. मुलाने पाणी मोजून देतो म्हटले ते बापाला ठाऊकही नसेल. म्हणून कुठल्या भाषेत बोलणे झाले आणि मध्ये दुभाषा कोण होता हे प्रत्येक नोंदीत यावे. भगताकडे गेला म्हणून पाळी चुकली, तर तसेच लिहावे. त्यापुढे ‘अंधश्रद्ध’ हा शेरा जोडला की पुढच्या वेळी तो ते सांगणार नाही आणि नोंद खोटी होईल.

उरला प्रश्न फाइल किती दिवस आणि कुणाकडे राहावी याचा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवायला सांगितले आहे. डायलिसिसचा रुग्ण भरती होत नाही, सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. शिवाय त्याचे उपचार तीन वर्षांत संपत नाहीत. हा हिशेब लावला तर तो अजून खाटेवर येत असतानाच त्याचे सुरुवातीचे कागद रद्दीत जाऊ शकतात. अमेरिकेत मुदत उपचार संपल्यापासून ६ वर्षे मोजतात, आणि मोजणीची ती पद्धत आपण सरळ घ्यावी. केंद्र ठेक्याने चालत असेल तर फाइल रुग्णालयाची, ठेकेदाराची नव्हे, हे करारातच लिहिलेले असावे. त्याच आचारसंहितेनुसार मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात. आठवड्याला तीन पाळ्या असलेल्या रुग्णाच्या दोन पाळ्यांमधले सर्वांत मोठे अंतर तेवढेच, शुक्रवार ते सोमवार. ऊसतोडीला गेलेल्या मुलाकडे बाप राहायला गेला आणि सुरतेच्या केंद्राने जुने कागद मागितले, तर ७२ तासांची वाट पाहण्यात त्याची पाळी निघून जाईल. त्यामुळे कोरडे वजन, फिस्टुला कुठल्या हातात, शेवटच्या तपासण्या, योजनेचा क्रमांक आणि सोबत कोण येते एवढे असलेला एक कागद रुग्णाच्या पिशवीत आधीपासूनच हवा, आणि दिवाळीआधीच्या फेरपाहणीतच तो ताजा करून द्यावा.