भांगाच्या दिवशी ‘देऊळ’

पहाटे ६ : झाईच्या किनाऱ्यावर भरती पुरी होत आली आहे. आज मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, आठाचे सहा. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. भांगाच्या पाण्याला ओढ कमी आणि डोल जाळी चालते ती ओढीवरच, म्हणून आज बरेच जण घरी. उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ (२०११) दाखवायला हाच दिवस धरला.

सकाळी ९ : भरतीच्या खुणेच्या वर पडद्यासाठी बांबू पुरतो. जाळं सांधणारे काका माझी गाठ पाहून उठतात. “वारा जोराचा आला तर एका हिसक्यात सुटली पाहिजे. नाहीतर पडदा फाटेल, मास्तर.” दोराचा फास उलटा घेऊन ते चारही कोपरे बांधून देतात.

दुपारी १२ : ओहोटी. सावलीत बसून चर्चेची टिपणं काढतो. हरवलेली गाय शोधणाऱ्या केशाचा झाडाखाली डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतो. गिरीश कुलकर्णींनी लिहिलेल्या गोष्टीत त्यानंतर देवाचा बाजार मांडला जातो, गावातल्या अण्णांना हवा असलेला दवाखाना मागे पडतो. जो चराचरात आहे, त्याला चार भिंती कशाला? एवढा मोठा प्रश्न हसतखेळत विचारणारा सिनेमा विरळा.

दुपारी ४ : वारली पाड्यावर बोलावणं करायला जातो. इथल्या लग्नचौकात पालघाट देवीसोबत सूर्य-चंद्रही रेखतात. “कुठला देव दाखवणार?” आजी विचारतात. “दत्त, आजी.” “मग नातवंडांनाही आणते.”

संध्याकाळी ७ : पाणी उतरतंय, अर्धा चंद्र वर आहे. नाना पाटेकरांच्या भाऊंना सर्वांत मोठा हशा मिळतो. केशा एकटा पडतो तेव्हा पोरंही गप्प बसतात.

रात्री १० : मासळी विकणाऱ्या मावशी पहिला प्रश्न टाकतात : “देऊळ झालं, पण दवाखान्याचं काय?” चर्चा तिथेच रंगते. ज्यांची रोजची कमाई चंद्राच्या कलेवर ठरते, त्यांना विश्व आणि पोट वेगळं काढून दाखवावं लागत नाही. असा सिनेमा आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवा. पुढचा खेळ वद्य अष्टमीला, ‘वळू’चा (२००८). तेव्हाही भांगच असेल. शिवाय चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार, म्हणजे चित्र अधिक ठळक दिसेल. परवानगीचं पत्र उद्याच धाडायचं.