धावावे कसे, थांबावे केव्हा

आपल्या संस्थेच्या महोत्सवी वर्षात व्याख्याने, सत्कार व स्नेहभोजन यांच्या जोडीस लहानथोरांच्या धावण्याच्या शर्यती आणि अडथळ्यांची शर्यत ठेवण्याचे ठरले, हे ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला. त्या आनंदात थोडी काळजीही मिसळलेली आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेला गृहस्थ मित्रांच्या आग्रहाने एके सकाळी एकदम धावू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. त्याची हानी चार दिवसांची. परंतु सैन्यभरतीकडे डोळे लावून बसलेला एखादा मुलगा जेव्हा चुकीच्या सरावाने पाय दुखवून घेतो, तेव्हा त्याची हानी आयुष्यभराची होऊ शकते. आम्ही शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. तरीही मैदानावर जे पाहिले आणि अभ्यासाने जे समजून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

थोडा पूर्वेतिहास

बेळगावकरांना धावण्याचा वारसा शोधण्यासाठी लांब जावयास नको. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे खेडूत तरुण सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी पथक गेले. त्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा क्रमांक १९ वा आला. वेळ सुमारे २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, त्या वर्षी ते ४२.७५ किलोमीटर होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

त्याच अँटवर्पमध्ये ३००० मीटरांची अडथळ्यांची शर्यत, जिला स्टीपलचेस म्हणतात, ती त्या अंतरावर प्रथम ऑलिंपिकमध्ये धावली गेली. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत घोडे पिटाळण्याच्या जुन्या खेळावरून हे नाव पडले. आजच्या शर्यतीत २८ वेळा अडसर आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडसराची उंची ९१.४ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. साध्या हर्डल शर्यतीतील चौकट पाय लागताच पडते. हा अडसर ८० ते १०० किलो वजनाचा असल्याने जागचा हलत नाही, धावणाराच पडतो.

या खेळात आपल्या मातीचे नाव दोघांनी विशेष गाजविले. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मोही गाव आहे. तेथील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे हे सैन्यातील जवान. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२४ साली पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मात्र जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली. ज्यांचे सारे आयुष्य या सरावात गेले, त्यांचीही ही कथा. मग तुमच्याआमच्यासारख्या हौशी माणसांनी किती जपून असावे!

दम लवकर येतो, हाड सावकाश येते

धावण्याच्या सरावाचे मर्म एका गोष्टीत आहे. शरीराचे सर्व भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. हृदय व फुप्फुसे चारसहा आठवड्यांत सरावतात. धाप कमी लागते, उत्साह वाढतो. परंतु स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा आणि स्वतः हाडे यांना मजबूत होण्यास महिनेच्या महिने लागतात. हाडावर नवा भार पडला की शरीर तेथील जुना भाग आधी काढून टाकते व मागाहून नवा भरते. जुन्या भिंतीतील विटा काढून नव्या बसविताना मधल्या काळात भिंत कच्ची असते, तसेच हे आहे. नेमक्या याच काळात दम वाढलेला असतो, म्हणून मनुष्य अंतर वाढवितो, आणि दुखणे उभे राहते.

यासाठी "दर आठवड्यास दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये" असा नियम पुष्कळ ठिकाणी सांगतात. नियम सावधपणाचा आहे, पण तो पाळला म्हणजे इजा होणारच नाही असे मानू नये. २००८ साली हॉलंडमध्ये नवख्या धावणाऱ्यांवर केलेल्या एका प्रयोगात सावकाश वाढविणाऱ्या आणि नेहमीप्रमाणे वाढविणाऱ्या अशा दोन्ही गटांत सुमारे पाचांतील एकास इजा झालीच. २०२५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. मागील तीस दिवसांतील आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून पुष्कळ अधिक धावणे हे इजेशी अधिक जोडलेले त्यांना आढळले. याचा साधा अर्थ असा, की आठवड्याच्या बेरजेइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष एका दिवसाच्या अतिरेकाकडे द्यावे. सोमवार ते शनिवार विश्रांती आणि रविवारी एकदम दहा किलोमीटर, हा हिशेब शरीरास मानवत नाही.

नवशिक्याने आरंभ असा करावा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस मोकळा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, असे दहा वेळा. पुढे धावण्याची मिनिटे थोडी थोडी वाढवून चालण्याची कमी करावीत. आठनऊ आठवड्यांत बहुतेकांस अर्धा तास सलग धावता येते; ज्यास जमले नाही त्याने तोच आठवडा पुन्हा करावा, त्यात कमीपणा काही नाही. वेग कळण्यास घड्याळ नको. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले म्हणजे वेग योग्य. शब्द तुटू लागले म्हणजे अधिक. पुष्कळसे धावणे अशा बोलत्या वेगाने व्हावे, जोराचे धावणे आठवड्यातून एखादेच.

धावण्यापूर्वी जागेवर उभे राहून स्नायू ताणीत बसण्यापेक्षा पाच-दहा मिनिटे झपाट्याने चालणे, गुडघे उचलणे, पाय मागेपुढे झुलविणे हितकर. आठवड्यातून दोनदा बैठका आणि टाचा उचलून उभे राहण्याचा व्यायाम करावा. आपल्या तालमींतील बैठका व जोर यांस आजही तोड नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. छातीत दाब, चक्कर किंवा अवाजवी धाप वाटली तर त्याच पावलावर थांबावे.

भरतीच्या मुलांसाठी

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव. पहाटे रस्त्यांवर धावणारी पोरे आपण सर्वजण पाहतो. भरतीत १.६ किलोमीटर धाव असते, आडव्या दांड्यास लोंबकळून अंग वर ओढावे लागते, ९ फुटी खंदक उडी मारून ओलांडावा लागतो आणि नागमोडी तुळईवरून तोल सांभाळून जावे लागते. एका परीने ही अडथळ्यांचीच शर्यत होय.

आमच्या पाहण्यातील एक मुलगा अंगाने सडपातळ, अभ्यासात बेताचा, पण धावण्यात चपळ होता. भरतीस सहा आठवडे उरले असता तो रोज दोन्ही वेळ डांबरी रस्त्यावर जोराने धावू लागला. नडगी दुखू लागली, तेव्हा "दुखल्याशिवाय पाय तयार होत नाही" असे सोबत्यांनी सांगितले. तो मलम चोळून धावत राहिला. भरतीच्या दिवशी निम्म्या वाटेत पाय टेकवेना. पहिल्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. पुढील तपासणीत हाडास बारीक भेग निघाली. पाय दोन-तीन महिन्यांत बरा झाला, पण तोवर वयाची मर्यादा उलटली होती. वडील शेतमजूर, घरच्यांनी त्या नोकरीवर सारी आशा बांधलेली. त्या मुलास मेहनत कमी पडली नव्हती, मेहनतीची विभागणी सांगणारे कोणी भेटले नव्हते, एवढेच.

म्हणून अशा प्रत्येक मुलाच्या आईवडिलांस आमची विनंती आहे, की तयारी सहा आठवड्यांची नसून किमान सहा महिन्यांची असावी. जोराची धाव आठवड्यातून दोनदाच, बाकी सावकाश. शक्य तेथे मातीच्या वाटेवर. खंदकाची उडी आधी वाळूत, पाच-सहा फुटांपासून वाढवीत न्यावी. उतरताना गुडघे वाकवावेत. ताठ पायांनी पडू नये. शेवटच्या दहा दिवसांत सराव निम्मा करावा. त्या दहा दिवसांत नवी ताकद मिळत नाही, मिळालेली मात्र घालविता येते.

दुखणे ओळखावे कसे

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर काही दिवस धावणे कमी केल्याने बहुधा भागते. परंतु दुखरी जागा एका बोटाने दाखविता आली, एका पायावर उडी मारताच कळ आली, किंवा रात्री अंथरुणातही ठणका लागला, तर हाडास भेग असण्याचा संशय धरून धावणे बंद करावे व अस्थितज्ज्ञास दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र पुष्कळदा निर्दोष दिसते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सकाळी पहिले पाऊल टाकताच टाचेत टोचणे, टाचेमागील जाड शीर ताठणे, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणे, ही हळूहळू वाढणारी दुखणी आहेत. ती लवकर ओळखली तर लवकर जातात.

घोटा मुरगळला असता लगेच तेल लावून रगडण्याची आपल्याकडे रीत आहे. पहिले दोन-तीन दिवस रगडणे व शेकणे दोन्ही टाळावे. पाय उंच ठेवावा, पट्टी बांधावी. ठणका फार असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. मग सोसेल तसे हळूहळू चालणे सुरू करावे, कारण पाय पुष्कळ दिवस न हालविणेही बरे नव्हे. इजा झाल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच दुखत असेल, तर हाड मोडल्याची शंका घेऊन क्ष-किरण चित्र काढावे.

पाणी, ऊन आणि उपवास

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. थोडे पिणे जसे वाईट, तसे उगाच पोटभर पीत राहणेही धोक्याचे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम बेताहून कमी आढळले, आणि त्याचे मुख्य कारण अति पाणी पिणे हे होते. उन्हात धावताना एखादा बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान व काखा यांस बर्फ लावावा. थंडावा देणे तत्काळ सुरू करून मग रुग्णालयात न्यावे.

उपवास करणाऱ्या घरांसाठी एक शब्द. रमजानात आम्ही इफ्तारपूर्वी थोडा वेळ सावकाश चालतो, आणि थोडे खाऊन पाणी पिऊन झाल्यावर हलकी धाव घेतो. रोज्याच्या दिवशी उन्हात जोर करीत नाही. आमचे शेजारी एकादशीस हाच नेम पाळतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशी पोटी धावण्याचा प्रयोग डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये.

शर्यत भरविणाऱ्यांस

शेवटी आपल्या कार्यकर्त्यांस काही सूचना. अडथळे बांधल्यावर आधी कार्यकर्त्यांनीच त्यांतून जाऊन पाहावे. उडी पडेल तेथे खोल भुसभुशीत वाळू असावी. रांगण्याच्या जागी काटेरी तार न लावता दोरी लावावी, खडे व काचा वेचाव्यात. टायर एकमेकांस घट्ट बांधावेत. भरधाव पळत येऊन लगेच चढावे लागेल अशी शिडी ठेवू नये. सर्वांस एकदम न सोडता चारसहांच्या तुकड्या सोडाव्यात. चिखलाची हौस असल्यास स्वच्छ माती व स्वच्छ पाणी घ्यावे; साचलेले डबके वापरू नये, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००० साली बोर्निओतील एका साहसी शर्यतीनंतर नदीच्या पाण्यामुळे कितीतरी स्पर्धकांस हा रोग जडला होता. कोणास जखम झाली तर ती वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. मुलींसाठी शर्यत तेवढ्याच अंतराची व तेवढ्याच मानाची असावी. मोहीच्या लेकीचे उदाहरण आपल्यासमोर आहे.

आणि एक बक्षीस आम्ही सुचवितो. पहिल्या तिघांस ढाल-पेले द्यावेतच, पण सहा महिने नियमित सराव करून, अंग न दुखविता शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाचे नाव संस्थेच्या फलकावर लिहावे. असे झाले तर पहाटेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पोरांस नीट धावण्याचीही प्रतिष्ठा कळेल, आणि त्यांतील एखाद्याचे तरी घर सावरेल. संस्थेच्या महोत्सवास आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.