केळवणाच्या पानाभोवती आपले शिवार

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात आणि लग्न ठरलेल्या मुलीला केळवणाची बोलावणी येतात. कुठे त्याला गडगनेर म्हणतात. पौषात मुहूर्त थांबतात, माघात पुन्हा सुरू होतात. यंदा तुमच्याही घरी पुतणी किंवा भाची केळवणाला येणार असेल, तर भगिनींनो, सजावटीसाठी तालुक्याहून प्लास्टिकची फुले आणू नका. जी पोर चार दिवसांनी हे शिवार सोडून जाणार, तिच्या पानाभोवती तेच शिवार असू द्या.

मार्गशीर्षात तुरीच्या हिरव्या शेंगांच्या डहाळ्या मिळतात. माघात ज्वारीची कणसे, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे डहाळे. हरभरा आधी पाण्यातून काढावा, त्याची आंब कपड्याला लागते. करडईचे फूल देखणे खरे, पण काट्यांमुळे पानाजवळ नको. मुलीच्या पाठीमागे वाढ्यांसकट दोन ऊस उभे करून शेंडे एकत्र बांधले की मखर तयार. पात्यांच्या कडा कापतात, म्हणून हाताला लागतील तेवढी पाती सोलून टाकावीत.

वडीलधाऱ्यांच्या गुडघेदुखीमुळे आता पुष्कळ घरी टेबल मांडतात. पाटाभोवती काढतो ती रांगोळी मात्र टेबलावर नको. ती शिरगोळ्याच्या दगडाची भुकटी, वाऱ्याच्या झुळकीने पानात येते. तिच्याऐवजी तांदळाची पिठी किंवा शेवंती-झेंडूच्या पाकळ्यांची महिरप करावी. मधली फुले वीतभरापेक्षा उंच नकोत. समोरच्या आजीला मुलीचे तोंड दिसले पाहिजे. ती तेवढ्यासाठीच आली आहे.

कापलेले केळीचे पान कोरड्या हवेत लवकर वळते. ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे आणि मांडण्यापूर्वी मंद आचेवर किंचित शेकावे, म्हणजे चिरत नाही. पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. थंडीत तूप थिजते, म्हणून तुपाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मगच वाढायला घ्यावे.

मुलीशेजारी कोण बसणार, हेही आधीच ठरवा. जिने पोरीला लहानाचे मोठे केले ती विधवा काकू नेमकी त्या दिवशी चुलीपुढे अडकलेली असते. अडकलेली, की अडकवलेली? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या घरात ठरावाची वाट कशाला पाहायची? पहिले पान मुलीचे, दुसरे काकूचे, आणि औक्षणाचे ताम्हन काकूच्याच हाती द्यावे. कोणी कुरकुरले तर त्यांना मठ्ठा वाढावा.

पंगत उठली की वाढे आणि पाने गोठ्यात जातात. हरभऱ्याचे डहाळे तोवर उरत नाहीत, पोरे ते तिथेच फस्त करतात.