विमानाची नाडी

परकराची जुनी नाडी काढून नवी ओवावयाची असतां शहाणी बाई जुनी ओढून टाकण्यापूर्वीं तिच्या शेपटास दुसरें कांहीं तरी बांधून ठेवते, हें आमच्या वाचक-भगिनींस शिकविण्याचें धाडस मी करीत नाहीं. पण हीच युक्ति विमानाच्या पंखांत चालते, आणि तेथें ती फसली तर माणसाच्या जिवावर बेतते, हें मला पासष्टाव्या वर्षीं, अमेरिकेंतील एका गवताळ माळावर सुतळीचें टोक हातांत धरून बसलों असतां समजलें. संस्कृतांत नाडी म्हणजे नळी किंवा शीर, वैद्य मनगटावर पाहतात ती. कमरेच्या वस्त्राची गांठ ती नीवी. मराठीनें दोन्ही कामें एकाच शब्दावर सोंपविलीं आहेत. विमानाच्या बाबतींत तें फार सोयीचें आहे.

माझा पुतण्या पेनसिल्व्हेनिया संस्थानांत विमानदुरुस्तीचा परवाना मिळवून तोच व्यवसाय करतो. दोन मित्रांच्या भागीनें त्यानें १९४६ सालचें एक 'पायपर कब' जातीचें विमान बाळगलें आहे. हीं विमानें त्याच संस्थानांतील लॉक हेवन गांवीं तयार होत, आणि १९४७ पर्यंत त्यांच्या या प्रकाराचीं सुमारें वीस हजार विमानें बाहेर पडलीं. पिवळा रंग, ६५ अश्वशक्तीचें इंजिन, एकामागें एक अशा दोन बैठका, आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून रोगण दिलेलें कापड, एवढाच संसार. पेट्रोल किती उरलें हें दाखविण्यास टांकींत तरंगणाऱ्या बुचाला एक तार खोंचलेली असते. ती चालकाच्या तोंडासमोर बाहेर डोकावते आणि पेट्रोल सरेल तशी खालीं बसत जाते. ही योजना पाहून मला आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण झाली व या यंत्राविषयीं एकदम आपलेपणा वाटला.

दर वर्षीं विमानाची कसून तपासणी करावी लागते. त्या तपासणींत पुतण्या उजव्या पंखांतील दोरीवरून एक सुती फडकें फिरवीत होता. एके ठिकाणीं फडकें अडकलें. त्याचा चेहरा उतरला. "काका, इथें बोट लावूं नका," तो म्हणाला. त्यानें पंखाच्या पोटाशीं असलेल्या वाटोळ्या खिडकींतून विजेरीचा झोत टाकला आणि दंतवैद्याकडे असतो तसला दांडीचा आरसा आंत धरला. कप्पीवरून दोरी वळते तेथें तीन-चार बारीक तारा तुटून कुसळासारख्या उभ्या राहिल्या होत्या.

ही दोरी म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. पंखाच्या मागल्या कडेस टोकाकडे बिजागरीवर हलणारी एक झडप असते. तिला एलेरॉन म्हणतात. चालकानें दांडा डावीकडे झुकविला कीं डावी झडप वर उचलते, उजवी खालीं दबते, आणि विमान डावीकडे कलतें. दांडा आणि झडप यांच्यामध्यें कोणतेंही यंत्र नाहीं, केवळ तारेची दोरी. ती केबिनच्या बाजूनें वर चढते, पंखांत शिरते आणि कप्प्यांवरून वळत झडपेपर्यंत पोहोंचते. लहान विमानांत सर्रास असते ती दोरी एक अष्टमांश इंच जाडीची. तींत सात पेड, आणि प्रत्येक पेडांत एकोणीस तारा, एकूण १३३. जस्ताचा मुलामा दिलेली अशी दोरी दोन हजार पौंड ताण सोसते. ती एकाएकीं तुटत नाहीं. कप्पीशीं वांकून वांकून एकेक तार झिजते, आणि हें सारें कापडाच्या आड, कोणाच्या दृष्टीस न पडतां घडतें.

पंख उकलल्यावांचून ती बदलावयाची होती. हात शिरण्यास जागा तेवढ्या वाटोळ्या खिडक्यांची. तींतून मनगट जेमतेम जातें, आणि एकदां हात आंत गेला कीं डोळा बाहेरच राहतो. नव्या दोरीची लांबी जुनीवरूनच घ्यावयाची, म्हणून जुनी आधीं बाहेर काढणें भाग होतें. पुतण्यानें झडपेकडील टोकाची कडी कापली, त्या टोकास मेण लावलेली बारीक सुतळी बांधली आणि मला केबिनमध्यें बसवून जुनी दोरी हळूहळू ओढावयास सांगितलें. दोरी माझ्या मांडीवर वेटोळें घालीत आली व तिच्या मागोमाग सुतळी पंखभर पसरली. "हें शिकलास कोठें?" मी विचारलें. "आजीकडे," तो म्हणाला. माझ्या मातु:श्रींनीं त्याला लहानपणीं नाड्या ओवावयास बसविलें होतें, हें मी साफ विसरलों होतों.

नवी दोरी मापून झाल्यावर तिचें मोकळें टोक झडपेच्या बाजूनें सुतळीस बांधलें आणि मी पुन्हा ओढूं लागलों. निम्म्या वाटेवर हाताला कांहीं तरी निराळें लागलें. जोर केला असता तर दोरी आली असती, किंवा सुतळी तुटली असती. आणि तुटली असती तर त्या अंधाऱ्या बोळांत पुन्हा वाट काढण्यांत दिवस गेला असता. मी थांबलों.

"काका, कां थांबलांत?"

"गांठ कशास तरी अडली आहे."

आरशानें पाहतां तसेंच होतें. दोरीनें खांच सोडूं नये म्हणून कप्पीच्या कडेशीं एक कॉटर पिन, म्हणजे टोकें दुमडून बसविण्याचा तारेचा खिळा, राखणीस असतो. गांठ त्याच्याखालीं रुतली होती. पुतण्यानें खिळा काढला, गांठ पुढें सरकविली, आणि नवा खिळा चाचपडत बसविला. मला शाबासकी मिळाली, व मी ती मुकाट्यानें घेतली.

पुढील काम त्याच्या हातचें होतें. केबिनमध्यें आलेलें टोक पन्हळीच्या कडीभोंवतीं वळवून त्यावर तांब्याची लांबट नळी चढवावयाची, आणि लांब मुठींच्या पकडीनें ती तीनदां दाबावयाची. प्रथम मध्यें, मग कडीच्या बाजूस, मग शेवटीं. प्रत्येक दाब खांचेच्या मापपट्टींत बसला पाहिजे. पूर्वीं कारागीर हें टोक हातानें विणीत. तें दिसण्यास सुंदर, पण विणलेल्या सांध्यास दोरीच्या तीनचतुर्थांश इतकेंच बळ असे. दाबलेला सांधा दोरीइतकाच टिकतो. मला जुन्या कारागिरीचा अभिमान असला तरी येथें माझें मत नव्या रीतीच्या बाजूनें आहे. मग टर्नबकल नांवाच्या उलटसुलट आट्यांच्या नळीनें ताण जुळविला, आणि ती फिरूं नये म्हणून तारेनें बांधून टाकली.

त्यानंतर पुतण्यानें हत्यारें मोजलीं. मला हंसूं आलें. तेव्हां त्यानें बेसी कोलमन हिचें नांव घेतलें. १९२१ सालीं फ्रान्समध्यें वैमानिकाचा परवाना मिळविणारी ही अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्री ३० एप्रिल १९२६ रोजीं विमानांतून फेंकली जाऊन मरण पावली. विमानांत राहिलेला एक पाना त्याच्या चक्रांत अडकला होता. मी हंसणें थांबविलें.

दांडा हलवून पाहिला. झडपा बरोबर हलत होत्या. माझ्या मतें काम संपलें होतें. पण तो म्हणाला, "ज्यानें ओवलें त्यानें तपासावयाचें नाहीं." दुसरे दिवशीं सकाळीं जवळच्या विमानतळावरचा एक सत्तरीचा कारागीर आला. त्यानें दांडा अंगठा वर करून मुठींत धरला. अंगठा ज्या बाजूस झुकेल त्या बाजूची झडप वर उठली पाहिजे, असा तेथील साधा ताळा आहे. हा ताळा पोरखेळ नव्हे. लँकेस्टर या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजीं इंग्लंडांत वुडफर्ड येथें स्वतःच रचलेल्या ट्यूडर विमानांत बसले. आदल्या रात्रीं दुरुस्तींत एलेरॉनच्या दोऱ्या उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान जमिनीवरून उठतांच कोसळलें. चॅडविक व त्यांचे तीन सोबती मरण पावले.

आमच्या झडपा उलट नव्हत्या. तो वृद्ध मात्र तेवढ्यावर उठला नाहीं. त्यानें एकेका खिडकींत विजेरी धरली आणि एका खिडकीशीं बराच वेळ थांबला. मग पुतण्याला बोलावून आरसा त्याच्या हातीं दिला. काल गांठ सोडविण्यासाठीं काढलेला खिळा परत बसवितांना दोरी त्याच्या चुकीच्या बाजूस राहिली होती. ती कप्पीच्या खांचेंत नव्हती; खिळ्यावर घासत होती. दांडा हलविल्यानें हें कळलें नसतें. उड्डाणागणिक खिळ्यानें दोरी कापीत नेली असती.

कोणी कांहीं बोललें नाहीं. ज्या थांबण्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती, त्याच थांबण्यांतून ही चूक उपजली, हें माझ्या मनांत आलें; पण शाळामास्तराला स्वतःची उत्तरपत्रिका दुसऱ्यानें तपासलेली पाहण्याची संवय नसते. पुतण्यानें खिळा काढला, दोरी खांचेंत बसविली, खिळा पुन्हा घातला. वृद्धानें पुन्हा विजेरी धरली, आणि मगच वहींत दोघांनीं सह्या केल्या.

पहिल्या उड्डाणांत मला बरोबर घेण्यास त्यानें साफ नकार दिला. कबमध्यें एकटा चालक मागल्या बैठकीवर बसतो. पुढची बैठक रिकामी राहिली. मी गवतांत उभा राहून उजव्या झडपेकडे पाहत होतों. ती दबली, विमान डावीकडे कललें, मग उचलली, मग सरळ झाली. दहा-बारा मिनिटांनीं तो उतरला. इंजिन थांबवून खालीं आला तो माझ्याकडे न येतां पंखाखालीं वांकला, वाटोळी खिडकी उघडली, आणि म्हणाला, "काका, ती विजेरी जरा द्या."